मावशीच्या गार खोलीतला मे

“पंधरा वर्षांची पोट्टी अन् ‘आमच्या वेळी’ म्हणते!” असं म्हणून आई मला हसते. हसू दे. माझी ‘आमची वेळ’ अगदी मागच्या मे महिन्यापर्यंत होती, आणि ती अकोल्यात होती, मावशीच्या ऑफिसातल्या एका खोलीत. आता त्या खोलीत बियाण्याच्या बॅगा छतापर्यंत रचल्या आहेत. परवा मी मुद्दाम दार उघडून पाहिलं. धूळ, औषध लावलेल्या सोयाबीनचा उग्र वास, आणि एसी काढून नेल्यावर भिंतीत राहिलेलं चौकोनी भोक. त्यात चिमणीनं काड्या आणून ठेवल्यात. मी तिथंच उभी राहून नाक ओढत राहिले, तर हमाल म्हणाला, “काय झालं बेटा, मिरची लागली काय?”

ज्यांनी अकोल्याचा मे पाहिला नाही त्यांना ती खोली समजणारच नाही. आम्ही अमरावतीचे, म्हणजे ऊन आम्हालाही ओळखीचं. पण अकोल्यात दुपारी नळाखाली हात धरला की हात आपोआप मागे येतो. मावशीच्या फ्लॅटमधला कूलर वाळ्याचा छान वास देतो आणि त्यापलीकडे त्याच्याकडून काही होत नाही. म्हणून शाळेला सुट्टी लागली की आई मला बडनेऱ्याला गाडीत बसवून द्यायची, आणि मावशी मला रोज स्कूटीवर घालून ऑफिसात न्यायची. तिथं सर्व्हर रूम होती. अख्ख्या इमारतीत तेवढी एकच खोली खरोखर गार होती, तीही मशिनींसाठी. मी तिथं शाल पांघरून बसायचे. अकोल्यात, मे महिन्यात, शाल! शाळेत हे सांगितलं तर कोणी खरंच मानत नाही.

माझी अनुपमा मावशी एका बियाण्याच्या कंपनीचं पोर्टल सांभाळते. पेरणीच्या आधी गावोगावचे कृषी केंद्रवाले त्या पोर्टलवर येतात, कोणत्या वाणाच्या किती बॅगा शिल्लक आहेत ते पाहतात आणि आपल्यासाठी बुक करतात. हे पोर्टल तिनं स्वतः लिहिलंय, पहिल्या ओळीपासून. तिला मूल नाही. कोणी त्याबद्दल विचारलं की ती म्हणते, “एक आहे की. रात्री-बेरात्री उठून रडतं.”

त्या खोलीत आणखी एक माणूस जेवायला यायचा, महादेवराव. ऑफिसचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मूर्तिजापूरहून रोज पॅसेंजरनं यायचे आणि पॅसेंजरनंच परत जायचे. मी दुसरीत होते तेव्हा त्यांनी मला ऑफिसचे रबरी शिक्के आणि रद्दी कागद दिले होते. मी दिवसभर ‘मिळाले’, ‘मिळाले’, ‘मिळाले’ असे शिक्के मारत बसले होते. दुपारी ते ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन सर्व्हरच्या कपाटासमोर खुर्ची ओढायचे.

“काका, इथं खायचं नसतं,” मावशी म्हणायची.

“काहून? मशिनीले गार हवा लागते, मंग माणसाले नाई लागत काय?”

ऑफिसातली भिंतीवरची घड्याळं तेच लावायचे, आणि सगळी दहा मिनिटं पुढे. पॅसेंजर चुकायला नको म्हणून. त्यांच्या मनगटावरचंही तसंच. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी वेळ विचारली की ऑफिसातलं माणूस भिंतीकडे पाहायचं, मनातल्या मनात दहा वजा करायचं आणि बरोबर वेळ सांगायचं. मलाही ती सवय लागली होती. अमरावतीला परत आल्यावर चार-पाच दिवस मी शाळेत उशिरा पोचायचे.

दोन वर्षांपूर्वी महादेवराव निवृत्त झाले. मागच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा खोलीत त्यांची खुर्ची तशीच होती, आणि कपाटात जुन्या सर्व्हरच्या खाली एक नवा कोरा सर्व्हर बसला होता. मार्चमध्ये आणलेला. गर्दी वाढली म्हणून आता दोघं मिळून काम करत होते. आणि मावशीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

त्याचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. फोन वाजला, मावशीनं स्पीकरवर टाकला. अचलपूरचे चंद्रभानभाऊ, कृषी केंद्रवाले.

“मॅडम, तुमचं पोर्टल भैताडलं काय?”

“काय झालं, भाऊ?”

“काय झालं म्हंजे! तुरीच्या चाळीस बॅगा बाकी दाखवून राहिलं. म्या बुक केल्या. ‘झालं’ म्हनलं त्यानं. अन् आता म्हनते माल नाई, त्या बॅगा अकोटवाल्याले गेल्या!”

मावशीनं पान उघडलं. “मला तर तूर शून्यच दिसते.”

“आता शून्य दिसते! तवा चाळीस होती! म्या काय नशा करून बसलो काय सकायी सकायी?”

फोन ठेवल्यावर मावशीनं कपाळ टेबलावर टेकवलं. “रोज हेच आहे, इशू. ते ओरडतात, मी पाहायला जाते, आणि मी पाहते तेव्हा सगळं बरोबर असतं.”

“आमच्या वर्गासारखं,” मी म्हटलं. “बाई आल्या की आम्ही सगळे पुस्तकात.”

ती हसली नाही. मग मी जरा शहाण्यासारखं विचारलं की नेमकं बिघडलंय काय. तिनं सांगितलं ते मला इतकं आवडलं की मी नंतर शाळेत विज्ञानाच्या बाईंनाही समजावलं. कोणी विचारलं, ‘तूर किती उरली?’ तर सर्व्हरला दर वेळी गोदामाच्या मोठ्या हिशेबात जाऊन शोधावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून एकदा शोधलेलं उत्तर तो हाताशी टिपून ठेवतो आणि पुढच्या माणसाला तेच देतो. ह्या हाताशी ठेवलेल्या उत्तरांना कॅश म्हणतात. माल विकला गेला की जुनं उत्तर पुसून नवं लिहायचं. मावशीच्या दोन्ही सर्व्हरची कॅश एकच, दोघं त्यात लिहिणार. एकाच गोष्टीची दोन उत्तरं आली तर? प्रत्येक उत्तरावर ते लिहिल्याची वेळ असते. ज्याची वेळ नंतरची, ते खरं. दुसरं फेकून द्यायचं.

“आणि आपली कॅश खराब झाली आहे,” ती म्हणाली. “विकलेला माल शिल्लक दाखवते. थोड्या वेळानं आपोआप सुधारते. तोवर दुसऱ्या कोणीतरी तोच माल घेतलेला असतो.”

तिनं काय नाही केलं! कॅश पुसली. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. कॅशचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. प्रत्येक वेळी अर्धा दिवस बरा जायचा आणि मग पुन्हा कोणाचा तरी फोन. एकदा तर भातकुलीच्या दोन सख्ख्या साडूंना एकाच वाणाच्या त्याच बॅगा मिळाल्या होत्या. ते दोघं आधीच एकमेकांशी बोलत नव्हते.

शुक्रवारी शुभंकर साहेब खोलीत आले. मोठ्या मालकांचा मुलगा, आता तेच सगळं पाहतात. लहानपणी तेही इथं सुट्टीत यायचे असं मावशी सांगते, पण त्या दिवशी त्यांच्याकडे पाहून ते कधी लहान होते असं वाटत नव्हतं. उभ्यानंच बोलले.

“मॅडम, सोमवारी सोयाबीनची बुकिंग उघडते. तुरीचं मी सांभाळून घेतलं. सोयाबीनमध्ये एकच बॅग दोघांले विकल्या गेली, तर पेरणीच्या तोंडावर लोक माझ्या दारात येऊन बसतील.”

“मला कळतं, साहेब.”

“पुण्याच्या एका कंपनीशी बोलून ठेवलं आहे. त्यांचं पोर्टल तयार आहे. सोमवार नीट गेला तर ठीक. नाही तर मंगळवारपासून त्यांचं चालू.”

“आणि हे?”

“हे बंद.”

ते गेले. सर्व्हरच्या मागे जाऊन मावशीनं आधीच नीट असलेल्या वायरी पुन्हा नीट बांधल्या. किती तरी वेळ बांधत होती. मला तिच्याकडे बघवेना. तिचं एकुलतं एक मूल होतं ते, आणि तिला ते बरं करता येत नव्हतं.

आता माझ्याबद्दल एक सांगते. नववीच्या आधी मी कोणासमोर तोंड उघडायची नाही. नववीत मी वक्तृत्वात नंबर काढला, वर्गाची मॉनिटर झाले, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं की जगात माझं मत विचारायचं राहूनच गेलंय. म्हणून रविवारी आम्ही दोघी रिकाम्या ऑफिसात आलो तेव्हा मी म्हटलं, “मावशी, मला पण काम दे.”

“तू काय करणार?”

“भांडण सोडवीन.”

“कोणाचं?”

“ह्या दोघांचं,” मी सर्व्हरकडे बोट दाखवलं. “घरी माझं आणि सोहमचं भांडण झालं की आई एकेकाला वेगळं विचारत नाही. समोरासमोर उभं करते. ‘तो काय बोलला? मग तू काय बोललीस? मग तो?’ अर्ध्या मिनिटात खोटं पकडते.”

सोहम माझा धाकटा भाऊ, आणि तो खरंच लगेच पकडला जातो. मावशीला बहुधा माझ्याशी वाद घालायचा कंटाळा आला होता. तिनं दोन्ही सर्व्हरचे लॉग मला छापून दिले. लॉग म्हणजे सर्व्हर दिवसभर आपण काय काय केलं ते वेळेसकट लिहितो, ते. ती ते कितीदा तरी वाचून बसली होती, पण एका वेळी एकाचाच. मी तुरीच्या दिवसाचे कागद फरशीवर पसरले, डावीकडे जुना, उजवीकडे नवा. फरशी बर्फासारखी. शाल गुडघ्यांखाली घेऊन मी रांगत रांगत वाचत होते.

“मावशी, हा अकोटवाला आहे ना, ज्यानं चाळीस बॅगा घेतल्या?”

“हं.”

“यानं पान उघडलं जुन्या सर्व्हरवर. अकरा वाजून बारा मिनिटांनी. ‘तूर शिल्लक चाळीस’ असं त्याला दिसलं.”

“हं.”

“आणि त्यानं बुक केलं नव्या सर्व्हरवर.”

“असतं तसं. जो सर्व्हर मोकळा असेल तिकडे माणूस जातो.”

“अगं पण केलं अकरा वाजून पाच मिनिटांनी.”

मावशी टाइप करायची थांबली.

“म्हणजे यानं आधी बुक केलं,” मी म्हटलं, “आणि मग किती बॅगा आहेत ते पाहायला पान उघडलं. असं कोण करतं?”

तिनं खुर्ची ढकलली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. आम्ही दुसरं गिऱ्हाईक पाहिलं. त्यानंही आधी बुक केलं होतं, मग पाहिलं होतं. तिसऱ्यानं तर पान आधी बंद केलं होतं आणि मग उघडलं होतं. मावशी उठली, एक कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, एक स्वतःकडे घेतला. “मी म्हटलं की एंटर दाब. दोघांनाही वेळ विचारू. एक, दोन, हां!”

नव्या सर्व्हरनं एक वेळ सांगितली. जुना त्याच्यापुढे दहा मिनिटं होता.

मावशीनं एका स्क्रीनकडे पाहिलं, दुसऱ्या स्क्रीनकडे पाहिलं, आणि मग मान वर करून भिंतीकडे. जुना सर्व्हर आणि भिंतीवरचं घड्याळ अगदी जुळत होते.

“अगं आई गं,” ती म्हणाली. “मी रोज ह्याचा लॉग वाचते. मान वर करते. जुळतं. मला काय वेगळं वाटणार?”

आणि मग तिनं भराभर सांगितलं, मला की स्वतःला कोण जाणे. इतकी वर्षं एकच सर्व्हर होता. एकट्याचं घड्याळ पुढे असलं तरी तो भांडणार कोणाशी? मार्चमध्ये दुसरा आला, खऱ्या वेळेचा. आता जुना ‘चाळीस शिल्लक’ असं लिहायचा आणि वर दहा मिनिटं पुढची वेळ टाकायचा. लगेच नवा सांगायचा, ‘संपली!’ पण त्याची वेळ आधीची दिसायची, म्हणून त्याचं खरं उत्तर फेकलं जायचं. दहा मिनिटं उलटली की सगळं आपोआप ठीक. कॅश खराब नव्हतीच. तिला जे शिकवलं होतं तेच ती इमानदारीनं करत होती.

मावशीनं मूर्तिजापूरला फोन लावला.

“बोल बाई,” महादेवरावांचा आवाज. मागे कुठंतरी शेळी ओरडत होती. “काहून आठोन झाली रविवारची?”

“काका, जुन्या सर्व्हरचं घड्याळ तुम्ही पुढे केलं होतं का हो?”

“म्या? मशिनीले म्या कदी हात नाई लावला बाप्पा. तो नागपूरचा इंजिनेर आलता न मशीन लावाले, त्यानं इचारलं, काका, टाइम काय झाला? म्या भिंतीकडे पाहून सांगतला.”

“दहा वजा न करता?”

“आता त्याले काय सांगू दहा वजा कर म्हनून? आपल्या हापिसात तं सगळ्याइले मालूम होतं!” शेळी पुन्हा ओरडली. “काहून वं? काई बिघडलं काय?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

“नाही हो. इशिता आली आहे. तिला तुमची आठवण आली, म्हणून विषय निघाला.”

“शिक्केवाली? दे, दे तिले!”

मग ते माझ्याशी बोलत बसले. पॅसेंजरमध्ये पत्त्यांचा डाव कसा मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत बरोबर संपायचा. गाडी थांबली नाही तोच कोण कसं उडी मारायचं. त्यांचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड अचलपूरला छोट्या शकुंतला गाडीनं गेलं होतं, आणि वाटेत गाडी इतकी हळू झाली की नवरदेवाचे मामा उतरून बोरं तोडून परत चढले. आता गाडी बंद आहे, पण ते संध्याकाळी फिरायला रुळाकडेच जातात. “सवय हाये पायाले,” म्हणाले. मी हसत हसत त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, “घड्याळ हाये न भिंतीवर?”

“आहे.”

“सेल बदलत जा म्हना.”

जुन्या सर्व्हरची वेळ बरोबर करायला मावशीला दोन ओळी लागल्या. ती पुन्हा सरकू नये म्हणून दोघांनाही एकाच ठिकाणाहून वेळ घ्यायला लावली, मग कॅश एकदा पूर्ण पुसली, कारण पुढच्या वेळेचे शिक्के बसलेली उत्तरं आत होतीच. माझ्यात फार उत्साह संचारला होता. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाला हात घातला.

“त्याला नको हात लावू,” मावशी म्हणाली. “खाली उतर.”

सोमवारी शुभंकर साहेब बुकिंग उघडायच्या आधीच येऊन महादेवरावांच्या खुर्चीवर बसले. मावशीनं दोन्ही सर्व्हरची सोयाबीनची पानं दोन स्क्रीनवर लावली. बुकिंग उघडली. आकडे घसरायला लागले, इतके भराभर की वाचता येईनात, पण एक गोष्ट मला दिसत होती: दोन्हीकडे एकच आकडा. मध्येच डावीकडचा अडकला. मावशीचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला गेला. अडकला, अडकला, आणि मग उजव्याबरोबर एकदम खाली आला.

“नेट हळू आहे,” ती पुटपुटली.

दोन्हीकडे शून्य झालं. फोन वाजत नव्हता. साहेब मोबाइल पालथा ठेवून बसले होते. एसीचं पाणी बाहेर डबक्यात टपकत होतं, तेवढाच आवाज.

मग वाजला. अचलपूर.

“मॅडम.”

“बोला, चंद्रभानभाऊ.” मावशीचा आवाज मला ओळखू आला नाही.

“सोयाबीन संपलं म्हनते तुमचं पोर्टल.”

“संपलं, भाऊ.”

“म्या दोनशे मागतल्या. एकशे साठच भेटल्या.”

“तेवढ्याच उरल्या होत्या.”

“म्हंजे खरंच संपलं न? नाई तं अर्ध्या घंट्यानं म्हनान, ह्याइतल्या ऐंशी अकोटवाल्याच्या हाये.”

“एकशे साठ तुमच्याच. दुसऱ्या कोणाच्या नाहीत.”

“मंग ठीक हाये,” ते म्हणाले, जरा हिरमुसल्यासारखे. “चाळीस मांगतो साडभावाले.” आणि फोन ठेवला. ओरडायला काही न मिळाल्यानं त्यांची बहुतेक अख्खी सकाळ वाया गेली असणार.

शुभंकर साहेबांनी मावशीकडे पाहिलं. “काय होतं शेवटी?”

“एका सर्व्हरचं घड्याळ पुढे होतं.”

“कोणी केलं?”

“आपण सगळ्यांनी, साहेब,” मावशी म्हणाली. “इतकी वर्षं रोज वजा करत होतो ना.”

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी फार जुनं आलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हो, हा माणूस लहान असताना ह्या इमारतीत खेळला असेल. त्यांनी मोबाइल उचलला आणि आमच्यासमोरच पुण्याला फोन केला. “नाही, सध्या नको. आमचं चालू आहे.” जाताना दार त्यांनी हळूच लावलं.

मशिनी पुढे दिवाळीनंतर हलल्याच. पण त्या मावशीनंच हलवल्या. पोर्टल तिचंच आहे, दूरच्या कुठल्यातरी शहरात भाड्यानं घेतलेल्या मशिनींवर चालतं, आणि ती घरून काम करते. हे सगळं चांगलंच झालं असं ती सांगते. मीही मान डोलावते. तरी ह्या सुट्टीत तिच्या डायनिंग टेबलाशी, कूलरच्या घरघरीत, घाम पुसत बसले की मला ती फरशी आठवते.

आणि ती सोमवारची दुपार. साहेब गेल्यावर मावशीनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खुर्चीवरून पुढे गेले. मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चष्मा काढून, पदरानं पुसून पुन्हा हसायला लागली. ऐन उन्हात आम्ही बाहेर पडलो. स्कूटीची सीट इतकी तापली होती की दोघी उभ्या-उभ्याच निघालो असं म्हटलं तरी चालेल. रसवंतीच्या बाकावर बसून तिनं मला ती नोकरीला लागली तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. ती बावीस वर्षांची होती, खोलीत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला महादेवरावांनी हार घातला होता. आम्ही दोघींनी तीन-तीन ग्लास रस प्यायला. फोन तिच्या पर्समध्ये होता, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिनं तो एकदाही काढला नाही.